संपली व्हय मॅच?

2025 सालच्या 31 मेच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे तारीख उलटून गेल्यावर, चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेची फायनल होती. पॅरिस आणि इंटर मिलान, मैदान म्युनिकचं. भाचा सुट्टीला पुण्यात माझ्याकडे आला होता. तेरा वर्षांचा. संध्याकाळपासून अंगात कुठलीतरी जर्सी, मध्ये दोनदा माझ्या फोनवर गजर लावून झालेला, चिवड्याचा डबा टीव्हीसमोर. साडेबाराला मॅच सुरू झाली. विसाव्या मिनिटाला 2-0. मध्यंतरात त्यानं सोफ्यावर उशी ओढून घेतली तेव्हाच मला अंदाज आला. 3-0 झालं तेव्हा दोन वाजायला आले होते आणि त्याचं तोंड उघडं पडलं होतं. पुढचे दोन गोल मी एकट्यानं पाहिले. पाच शून्य. या स्पर्धेच्या फायनलमधला आजवरचा सगळ्यात मोठा फरक. इंटरची पोरं मैदानावर नुसती उभी होती, पावसात भिजायचं ठरवूनच उभं राहावं तशी. मी पदकं वाटून होईपर्यंत बसलो. त्याच्या अंगावर चादर टाकली, टीव्ही बंद केला.

सकाळी दूध आणायला खाली गेलो तर हा पार्किंगमध्ये सोसायटीतल्या पोरांना सांगत होता, "पूर्ण बघितली. पाचवा गोल तर काय सॉलिड." पाचवा गोल कसा झाला याचं त्यानं हातवाऱ्यांसकट वर्णन केलं, आणि ते बरोबर होतं. सकाळी उठल्या उठल्या फोनवर पाहून घेतलं असणार. माझ्याकडे नजर गेली, तसा अर्धा सेकंद थांबला. मी काहीच बोललो नाही. पिशवीतून दूध गळत होतं, तेवढं निमित्त पुरलं.

वर आलो आणि दिवसभर ते डोक्यातून जाईना. पोरगं थाप मारतंय याचं काही नव्हतं. त्या वयात थापा नाही मारायच्या तर कधी. पण तो थांबला होता तो अर्धा सेकंद माझ्या ओळखीचा होता. मी त्यात वीस वर्षं राहिलोय.

2005 सालचा मे. कोल्हापूर. इंजिनिअरिंगची परीक्षा चालू, दोन दिवसांनी पेपर. दुपारी भारनियमनात चार तास पंखा बंद, रात्री भिंती गरम. इस्तंबूलला लिव्हरपूल आणि एसी मिलान. बाहेरच्या खोलीत आवाज अगदी बारीक ठेवून, टीव्हीपासून हातभर अंतरावर मांडी घालून मी बसलो होतो. सव्वाबाराला सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटाला मिलानच्या मालदिनीनं गोल मारला. मालदिनीनं! बॅक खेळणारा माणूस, छत्तीस वर्षांचा. मी लिव्हरपूलचा. का, याला उत्तर नाही. आमच्या कॉलेजात चौघे मँचेस्टरचे होते, एवढंच असावं. मग क्रेस्पोचे दोन. मध्यंतराला 3-0. रात्रीचा एक वाजला होता. स्वयंपाकघरातला दिवा लागला, वडील पाणी प्यायला उठले होते. त्यांना शिरोलीला फाउंड्रीत पहिली पाळी असायची. दारात उभं राहून, तांब्या हातात धरून त्यांनी विचारलं, "संपली व्हय मॅच?"

मी म्हणालो, "संपली."

टीव्ही बंद केला आणि झोपलो.

पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे, मी कशाला सांगू. लिव्हरपूलचे सहा मिनिटांत तीन गोल. मग टायब्रेकर. सकाळी वर्तमानपत्रात काहीच नव्हतं. आमच्याकडे येणारी आवृत्ती रात्री बाराच्या आत छापून मोकळी व्हायची. तिच्या लेखी ती मॅच अजून व्हायचीच होती. साडेसातच्या सुमारास मित्राचा मेसेज आला: पाहिलंस ना??? तीन प्रश्नचिन्हं. त्या प्रश्नचिन्हांवरून मला कळलं की काहीतरी झालंय. मी सायकल काढून सायबर कॅफेपर्यंत गेलो, शटर अर्धं उघडं होतं, पोरगा झाडू मारत होता. त्याला गयावया करून एक पीसी चालू करायला लावला. स्क्रीनवर फोटो हळूहळू वरून खाली उतरत गेला. आधी कंदिलासारखे दोन कान असलेला चांदीचा कप, मग तो धरलेले हात, मग लिव्हरपूलच्या कप्तानाचं, जेरार्डचं तोंड. मी तिथंच खुर्चीत बसून मित्राला उत्तर टाकलं: काय मॅच होती राव. झोपलो नाही.

ते वाक्य मी पुढं इतक्या वेळा म्हटलंय की आता माझ्याकडे त्या रात्रीच्या उत्तरार्धाची आठवणसुद्धा आहे. जेरार्डनं हेडर मारल्यावर दोन्ही हात वर करून लोकांना 'उठा, उठा' केलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी शपथेवर सांगू शकेन. टायब्रेकरला आमचा गोलकीपर दुदेक गोललाइनवर पाय थरथरवत नाचत होता तेव्हा मी उशी चावत होतो, तेही. पाय थरथरवायची ही युक्तीही उसनीच. 1984 साली रोममध्ये, रोमाविरुद्धच, लिव्हरपूलच्या ग्रोबेलारनं ती केली होती. तसं पाहिलं तर दुदेकनं ग्रोबेलारचे पाय उसने घेतले आणि मी दुदेकची रात्र. हायलाइट्स शंभरदा पाहिलेल्या. कोणती आठवण कुठून आली याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

वडिलांना दिलेलं उत्तर मात्र पक्कं आठवतं. आणि खरं टोचतं ते तेच. कारण मॅच अर्धी सोडून उठायचं नाही हे मला त्यांनीच शिकवलं होतं. कोल्हापुरात राहून शाहू स्टेडियमची पायरी चढला नाही असा माणूस आमच्या पेठेत नव्हता. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस, ही नावं आम्हाला क्लबांची म्हणून कळलीच नाहीत, ती नात्यागोत्याची होती. चैत्र-वैशाखातलं ऊन, सिमेंटची पायरी अशी तापलेली की खाली वर्तमानपत्र घडी करून घ्यायचं, शेंगा, हलगी, मागून कुणीतरी रेफ्रीच्या सात पिढ्या काढतंय. एकदा आपली तालीम तीन गोलनं मागं पडली तेव्हा मी, असेन आठ-नऊ वर्षांचा, घरी जाऊया म्हणून वडिलांचा शर्ट ओढला. ते म्हणाले, "खेळणारी पोरं गेल्यात का घरला? मग?" आम्ही शेवटपर्यंत बसलो आणि चौथा गोल खाऊनच उठलो. चमत्कार वगैरे काही नाही. वाटेत त्यांनी मला बर्फाचा गोळा घेऊन दिला.

2005 नंतर मी या स्पर्धेच्या जुन्या फायनल वाचायला, शोधायला लागलो ते खरं तर पापक्षालन म्हणून. आणि गंमत अशी की मला सगळीकडे आपल्यासारखीच माणसं दिसायला लागली. उठून गेलेली.

1999 ची बार्सिलोनातली फायनल घ्या. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून 1-0 पुढं. मेहमेत शोल्चा फटका खांबाला लागून परत आला, यांकरचा आडव्या दांड्याला. ऐंशीव्या मिनिटाला अडतीस वर्षांच्या मथ्थाउसला बाहेर घेतलं. जगातलं सगळं जिंकलेल्या माणसाचा हा एकच कप राहिला होता आणि तो आता दहा मिनिटांवर होता. तिकडं वर बसलेले युएफाचे, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेचे, अध्यक्ष लेनार्ट योहानसन कप द्यायचा म्हणून उठले आणि लिफ्टनं खाली निघाले. ते खाली मैदानाशी पोहोचेपर्यंत मँचेस्टरच्या शेरिंगम आणि सोल्शेर यांनी नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत दोन गोल करून टाकले होते. बिचारे बाहेर आले तर जिंकलेले रडतायत आणि हरलेले नाचतायत, असं त्यांना वाटलं. मला त्या लिफ्टचं फार वाटतं. बंद दार, वरचे आकडे बदलतायत, टाय नीट करणारा एक वयस्क माणूस, आणि डोक्यावर कुठंतरी नव्वद हजार लोकांचा आवाज, जो त्याला बायर्नचा वाटला असेल. मी पंखा फुल करून झोपलो होतो तेव्हा माझ्याही डोक्यावर तो आवाज कुठंतरी असणारच की. सॅम कुफूर जमिनीवर मुठी आपटत होता आणि रेफ्री कोलिना बायर्नच्या पोरांना हाताला धरून उठवत होता, कारण मॅच अजून संपली नव्हती. नियमानं काही सेकंद उरले होते. ते खेळावे लागतात.

आणि काही सेकंदांवरूनच आतलेटिको माद्रिद आठवतं. 1974, ब्रुसेल्स. पुन्हा बायर्न. जादा वेळेत, 114 व्या मिनिटाला लुईस अरागोनेसनं फ्री किकवर गोल केला. सहा मिनिटं काढायची होती. शेवटच्या मिनिटाला श्वार्झेनबेक नावाच्या, एरवी गोलच्या वाटेला न जाणाऱ्या बॅकनं लांबून एक रपाटा हाणला आणि तो आत गेला. तेव्हा टायब्रेकर नव्हता, दोन दिवसांनी मॅच पुन्हा झाली. या फायनलच्या इतिहासात पुन्हा खेळवलेली ही एकमेव. बायर्न 4-0. पाय कुणाचे उरले असतील? मग चाळीस वर्षं आतलेटिको फायनलला आलेच नाहीत. 2014 साली आले, त्याच वर्षी फेब्रुवारीत अरागोनेस वारले होते. लिस्बनमध्ये, शेजारच्या रेआल माद्रिदविरुद्ध, 1-0. त्र्याण्णवावं मिनिट. कॉर्नर. रामोसचं डोकं. पुढं जादा वेळेत 4-1. ही मी जागून पाहिली. अगदी शेवटपर्यंत. आणि सांगतो, तिथं मी रेआलचं कौतुक करू शकलो नाही. एका क्लबला दोनदा, चाळीस वर्षांच्या अंतरानं, तोच घास तोंडाशी आणून काढून घ्यायचा हे काही बरं नव्हे. दोन वर्षांनी मिलानमध्ये पुन्हा रेआल, पुन्हा हार, या वेळी टायब्रेकरवर. हुआनफ्रानचा चेंडू खांबाला. जाता जाता, 1974 ला आतलेटिकोच्या गोलमध्ये मिगेल रेना होता. त्याचा पोरगा पेपे रेना 2007 साली लिव्हरपूलच्या गोलमध्ये उभा होता, अथेन्सला, मिलाननं इस्तंबूलचं उसनं फेडलं त्या रात्री. बापलेक दोघंही फायनल हरलेले. घराण्याचा वारसा म्हणतात तो असाही असतो.

पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबची गोष्ट मला एका गोवेकर सहकाऱ्यानं डबा खाताना सांगितली. 31 मे 1961 ला बेन्फिकानं बर्नमध्ये बार्सिलोनाला 3-2 हरवून पहिला कप नेला तेव्हा गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. 2 मे 1962 ला त्यांनी आम्स्टरडॅमला रेआलला 5-3 हरवलं तेव्हा नव्हता. मधल्या डिसेंबरात 19 तारीख येऊन गेली होती. त्याचे वडील मडगावचे. ते म्हणायचे, पहिला कप आमच्यावर लादलेल्या देशाचा, दुसरा परदेशाचा, आणि आनंद मात्र मेला दोन्ही वेळा सारखाच झाला, करणार काय. बेन्फिकाचा युझेबियो मोझांबिकचा. तिथं गोव्याची किती माणसं पोटापाण्याला गेलेली. त्यामुळं तो पोर्तुगीज की आपल्या शेजारच्या चाळीतला, हा प्रश्न त्या घरात कधी सुटला नाही. मला यावर त्या माणसाशी वाद घालायचा होता. पण तो फिश करी इतक्या शांतपणे खात होता की राहून गेलं.

बर्नच्या त्या मैदानाचे गोलपोस्ट चौकोनी होते. बार्सिलोनाचे फटके त्यावर आपटून पुन्हा पुन्हा बाहेर आले. खांब गोल असते तर एखादा आत वळला असता असं कॅटलान माणसं अजून म्हणतात. त्या संघात कोचिश आणि झिबोर हे दोघे हंगेरियन होते. 1954 च्या विश्वचषकाची फायनल ते याच मैदानावर, याच 3-2 नं हरले होते. सात वर्षांनी तेच गवत, तोच आकडा. आणि समोरच्या बाकावर बेन्फिकाचा कोच कोण, तर बेला गुटमान, तोही हंगेरियनच. लागोपाठ दोन कप जिंकून दिल्यावर त्यानं पगार वाढवून मागितला, क्लबनं नाही म्हटलं, आणि तो उठून गेला. जाताना म्हणाला म्हणे, शंभर वर्षं तुम्ही युरोपात काही जिंकणार नाही. 1963, 65, 68, 88, 90. पाचही वेळा या कपाच्या फायनलला गेले, पाचही हरले. 1990 ची व्हिएन्नाला होती, जिथं गुटमान पुरलाय. युझेबियो त्याच्या थडग्यापाशी जाऊन हात जोडून आला, असं सांगतात. मिलाननं 1-0 हरवलं. मी शापबिप मानत नाही. पण पगारवाढ नाकारणाऱ्या प्रत्येक साहेबाला ही गोष्ट माहीत असावी, एवढं मात्र वाटतं.

या सगळ्यात एक फायनल अशी आहे जिच्यापाशी माझी ही 'शेवटपर्यंत बसावं'ची श्रद्धा लटपटते.

29 मे 1985, ब्रुसेल्सचं हेझल. लिव्हरपूल आणि युव्हेंटस. मॅच सुरू व्हायच्या आधी लिव्हरपूलचे लोक शेजारच्या भागात घुसले, माणसं मागं सरकली, जुनाट भिंत कोसळली. 39 माणसं मेली, बहुतेक इटालियन. आणि तरीही मॅच झाली. रद्द केली तर बाहेर आणखी पेटेल म्हणून खेळवली. प्लातिनीच्या पेनल्टीवर युव्हेंटस 1-0 जिंकलं. तो त्यांचा पहिला युरोपियन कप, या स्पर्धेचं तेव्हाचं नाव. नऊ फायनल खेळलेत ते, सात हरलेत, आणि जिंकलेल्या दोनांतली ही एक. ते फुटेज मी एकदाच पाहिलं. गोल झाल्यावर प्लातिनी मूठ वर करून धावतो. त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही, पण ते बघवत नाही. त्या रात्री सगळ्यांनी उठून घरी जायला हवं होतं. खेळाडूंनी, रेफ्रीनं, टीव्हीसमोरच्यांनी. कुणी गेलं नाही. पुढं वीस वर्षांनी, 2005 च्याच एप्रिलमध्ये, हे दोन क्लब पहिल्यांदा पुन्हा समोरासमोर आले. लिव्हरपूलच्या लोकांनी मैत्रीचा इटालियन शब्द फलकांनी लिहून वर धरला. युव्हेंटसचे काही लोक टाळ्या वाजवत होते, बरेचसे पाठ फिरवून उभे राहिले. मला दोन्ही पटतात. त्या पाठ फिरवलेल्यांना हरवूनच लिव्हरपूल इस्तंबूलच्या वाटेला लागलं होतं, हे त्या मे महिन्यात माझ्या गावीही नव्हतं. मला फक्त मँचेस्टरवाल्या चौघांना चिडवायचं होतं.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी भाच्याला सोडायला कोल्हापूरला गेलो. पाऊस लागून राहिलेला, बाहेर जाता येईना. दुपारी लॅपटॉप घेऊन बसलो आणि त्याला म्हटलं, इस्तंबूल दाखवतो. तो म्हणाला, "बघितलंय मामा, सहा मिनिटांत तीन." मी म्हटलं, ते नाही. पूर्वार्ध बघू. पहिला हाफ.

तो मी वीस वर्षांत पुन्हा पाहिलाच नव्हता. आणि तेव्हा लक्षात आलं की माझ्या खऱ्या मालकीचं एवढंच आहे. त्या रात्री जागेपणी, दोन डोळ्यांनी पाहिलेलं. लिव्हरपूलवाल्या पोरानं हे लिहू नये, पण मिलान काय खेळत होतं! तिसरा गोल तर मी विसरूनच गेलो होतो. मिलानचा काका नावाचा खेळाडू मध्यावर चेंडू घेतो, एका वळणात जेरार्डला मागं टाकतो आणि तिथूनच एक पास सोडतो. सगळा बचाव उभा फाडून तो पास क्रेस्पोच्या पुढ्यात येतो आणि क्रेस्पो चेंडू न थांबवता, धावता धावता, दुदेकवरून अलगद उचलतो. अडवायला कुणाला वेळच मिळत नाही. या स्पर्धेच्या फायनलमध्ये याहून देखणे गोल दोन-तीनच असतील. झिदानचा 2002 चा म्हणाल तर मी वाद घालणार नाही. पण झिदानचा गोल लोकांच्या भिंतींवर आहे आणि क्रेस्पोचा कुणाच्या आठवणीतही नाही, कारण तो संघ नंतर हरला.

"हा गोल भारी होता की," भाचा म्हणाला. त्यानं मागं नेऊन तीनदा पाहिला.

मध्यंतराची शिट्टी झाली. लिव्हरपूलचे लोक आपलं नेहमीचं गाणं म्हणायला लागले. ते स्टेडियम शहरापासून इतकं लांब, उजाड माळावर आहे की उठून जायचं तर जाणार कुठं, हाही भाग असेल. मिलानचे खेळाडू मध्यंतरातच नाचत होते ही वदंता मी मोठ्या चवीनं सांगत आलोय. त्या खेळाडूंनी ती कधीच कबूल केली नाही. माझ्या रात्रीइतकीच ती खरी असावी.

"मी इथंपर्यंतच बघितली होती," मी म्हणालो. "पुढची झोपलो."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं काहीतरी विचारेल. तो म्हणाला, "मग? मीपण त्या दिवशी झोपलेलो की." आणि डब्यातला शेवटचा लाडू घेतला.

आतल्या खोलीत वडील कॉटवर पडले होते. आता त्यांना ऐकू कमी येतं, पण मॅचचा आवाज बंद झालेला बरोबर कळतो. त्यांनी विचारलं, "संपली व्हय रं मॅच?"

"न्हाई," मी ओरडून सांगितलं. "हाफटाइम हाय."

"मग चहा टाका की तवर," ते म्हणाले, आणि खुर्ची कुठं आहे ते हातानं चाचपायला लागले.